उत्तर चुकलं ते कसं चुकलं? : पहिली ते चौथीच्या गणिताचा सराव घरी घेताना

पोराला गणिताला घेऊन बसायचं ठरवलं की बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. वहीत वीस बेरजा, वीस वजाबाक्या घालून दिल्या जातात, चुकलेल्यांवर फुली पडते आणि त्याच पुन्हा सोडवायला सांगितल्या जातात. यात पोर दमतं आणि चूक जिथल्या तिथं राहते. प्राथमिक वर्गातली चूक सहसा निष्काळजीपणाची नसते. पोराने मनाशी एक नियम धरलेला असतो आणि तो प्रामाणिकपणे पाळलेला असतो, फक्त नियमच चुकीचा असतो. तो नियम कसा शोधायचा आणि संख्या, भूमिती, माहिती या तिन्ही भागांचा सराव कसा लावायचा, ते इथे पायरीपायरीने दिलं आहे. पहिल्यांदाच मुलाच्या अभ्यासाला बसणारे आई-बाबा, आजी-आजोबा आणि गल्लीतल्या चार पोरांची शिकवणी नव्याने सुरू करणारे, या सगळ्यांसाठी.

काय काय लागेल

- खराट्याचे शंभर-सव्वाशे हीर, साधारण १० सेंमीचे तुकडे करून, आणि दहा-पंधरा रबर
- मूठभर चिंचोके किंवा हरभरे
- चौकड्यांची वही (एकरेघी नको; रकाने चुकण्याचं निम्मं दुखणं इथेच मिटतं)
- ३० सेंमीची पट्टी, शिलाईची टेप, कर्कटक
- दोन फासे, खेळातल्या १, १० आणि १०० च्या नोटा
- टूथपेस्ट, चहा, काडेपेटी यांचे रिकामे खोके
- बालभारतीचं चालू वर्षाचं गणिताचं पुस्तक. घरात नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं

बाकी वस्तू कोल्हापुरात महाद्वार रोडला किंवा गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. सरावाची जाडजूड पुस्तकं मात्र पहिल्याच दिवशी आणू नका. कुठे अडलंय हे कळल्याशिवाय कोणतं पुस्तक हवं हेच कळत नाही.

१. आधी कुठे अडलंय ते बघा

पोर ज्या इयत्तेत आहे तिच्या एक इयत्ता खालून सुरुवात करा. मापाला ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या कार्यक्रमाची उद्दिष्टं सोयीची आहेत: पहिलीअखेर ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, दुसरीअखेर ९९९ पर्यंत, तिसरीअखेर ९९९९ पर्यंत आणि सोपे गुणाकार यावेत.

वीस मिनिटं घ्या आणि एवढंच विचारा:

- ४३ चिंचोके समोर ठेवून ‘किती?’ एकेक मोजतो की दहा-दहाचे ढीग करतो?
- ‘पंचेचाळीस’ आणि ‘तीनशे पाच’ ही तोंडी सांगून लिहायला लावा.
- ५२ − २७ आणि ३८ + २५.
- तिसरी-चौथीला ६०४ − २७८ आणि ८१६ ÷ ४.

बरोबर-चूक लगेच सांगू नका. प्रत्येक उत्तरानंतर, बरोबर आलं तरीही, ‘कसं काढलंस?’ असं विचारा. फक्त चुकल्यावर विचारलं तर पोर प्रश्न ऐकताच खोडरबर उचलतं.

आता उत्तरं वाचा. ५२ − २७ चं उत्तर ३५ आलं, तर त्याने प्रत्येक रकान्यात मोठ्यातून लहान वजा केलंय. ३८ + २५ = ५१३ लिहिलं, तर त्याला दोन रकाने म्हणजे दोन वेगळी गणितं वाटतात. ‘तीनशे पाच’चं ३००५ झालं, तर ऐकलं तसं लिहिलंय: आधी तीनशे, मग पाच. तिन्ही चुकांवर उपाय वेगवेगळे आहेत. ‘लक्ष दे’ हा त्यातल्या एकावरही उपाय नाही.

२. संख्या: नावापासून रकान्यापर्यंत

मराठीत २१ ते ९९ मध्ये एकक आधी बोलला जातो आणि लिहिताना दशक आधी येतो. म्हणून ‘पंचेचाळीस’ ऐकून पोर ५४ लिहितं. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ अशी नावं पुढच्या दशकाच्या आधारावर उभी. एकोणनव्वद म्हणजे ८९ हे जमलं, की त्याच चालीवर ९९ ला ‘एकोणशंभर’ म्हणून मोकळं होतं. सेमी इंग्रजीच्या वर्गात शाळेत ‘फॉर्टी फाईव्ह’ आणि घरी ‘पंचेचाळीस’ असा दुहेरी मामला असतो.

२०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘चाळीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा बरीच टीका झाली. वादात न पडता तिचा कुबडीसारखा उपयोग करा. संख्या ऐकली की आधी ‘चाळीस आणि पाच’ म्हणायचं, मग लिहायचं, मग ‘पंचेचाळीस’ असं वाचायचं. रूढ नावं सोडून चालणार नाही. भाजीवाल्या मावशी पंचेचाळीसच म्हणणार.

हिरांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधा, आणि बांधायचं काम पोराकडूनच करून घ्या. तुम्ही बांधून दिलेला गठ्ठा त्याच्या लेखी ‘एक वस्तू’ असते. स्वतः बांधलेल्यात दहा आहेत हे त्याला ठाऊक असतं. दहा गठ्ठे एकत्र बांधले की शतक. ४३ म्हणजे चार गठ्ठे, तीन सुटे. आठवडाभर रोज पाच मिनिटं: तुम्ही संख्या सांगा, त्याने मांडावी, मग त्याने मांडावी, तुम्ही लिहा. तुम्ही मुद्दाम एखादी चुकीची लिहा. पोरं ती झडप घालून पकडतात.

३००५ च्या चुकीसाठी एकमेकांवर ठेवायची कार्डं करा. सगळ्यांची उंची सारखी, पण एककाचं कार्ड ३ सेंमी रुंद, दशकाचं ६ सेंमी, शतकाचं ९ सेंमी. प्रत्येक अंकाला ३ सेंमीचा चौकोन. आता ३०० च्या कार्डावर ५ चं कार्ड उजवी कड जुळवून ठेवलं की ३०५ दिसतं आणि शेवटच्या शून्याच्या जागी ५ येऊन बसतो. कार्ड उचललं की खाली शून्य. डावी कड जुळवली तर सगळं बिघडतं, तेव्हा पहिले काही दिवस उजव्या कडेला रंगीत रेघ मारून ठेवा.

३. चार क्रिया: हातचा कुठे हरवतो

वजाबाकी हे प्राथमिक गणितातलं सगळ्यांत निसरडं ठिकाण, आणि त्यातही मधलं शून्य. ६०४ − २७८ चं खरं उत्तर ३२६. त्याऐवजी ४७४ आलं, तर वर सांगितलेली ‘मोठ्यातून लहान’ची सवय. ३३६ आलं, तर प्रकरण वेगळं: पोराने शतक सुटं करून १० दशक केले, त्यातला एक दशक एककाला दिला, पण मागे १० चे ९ करायचे राहिले. यासाठी वहीत शंभर वजाबाक्या घालू नका. खेळातल्या नोटा घ्या: शंभराच्या सहा, दहाची एकही नाही, एकच्या चार. ‘मला २७८ दे.’ त्याला शंभराची नोट मोडून दहाच्या दहा घ्याव्या लागतील, त्यातली एक मोडून एकच्या दहा. टेबलावर दहाच्या नऊच उरलेल्या डोळ्यांना दिसतात. तीन-चारदा हे झालं की वहीवर या, आणि प्रत्येक वजाबाकीचा ताळा बेरजेने करायला लावा: ३२६ + २७८ = ६०४.

गुणाकाराला घरातला पेपर कामाला येतो. पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की बातमीत एका दरवाजातून १४२८ क्युसेक (म्हणजे सेकंदाला इतके घनफूट पाणी) असा आकडा येतो. चार दरवाजे उघडले तर? १४२८ × ४ = ५७१२. चौथीच्या पोराला हे गणित द्यावंच, कारण यात तीन वेळा हातचा येतो. उत्तर १२४०२ आलं, तर त्याने हातचा आधी मिळवून मग गुणलंय. उत्तर काढण्याआधी अंदाज करायची सवय लावा: १४०० चौक ५६००, म्हणजे बारा हजार येणं शक्यच नाही.

पाढे पाठ हवेतच. ‘बे एके बे’ चालीवर म्हणण्यात काही वाईट नाही. पण सात आठे विचारल्यावर पोर ‘सात एके सात’पासून धावत येत असेल, तर त्याला पाढा येत नाही, गाणं येतं. २, ५, १० आधी. मग ४, ३, ६, ९. शेवटी ८ आणि ७. चौकड्यांच्या वहीत सात ओळी, सहा रकान्यांचा आयत रंगवा आणि पाचव्या रकान्यानंतर रेघ मारा: ७ × ५ = ३५, वर ७, म्हणजे ४२. विसरलेलं पद असं उभं करता आलं पाहिजे.

भागाकारात दोन खाचा आहेत. ८१६ ÷ ४ चं २४ होतं, कारण १ मध्ये ४ जात नाहीत तिथे शून्य लिहायचं राहतं. खरं उत्तर २०४. इथेही अंदाज तारतो: आठशेचे चार भाग दोनशेच्या खाली कसे जातील? दुसरी खाच बाकीची. २३ लाडू, एका डब्यात ४. भरलेले डबे ५, पण सगळे लाडू ठेवायला डबे लागतात ६. प्रश्न काय विचारलाय ते वाचल्याशिवाय उत्तर ठरत नाही.

शाब्दिक उदाहरणांत ‘जास्त’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, असं शिकवू नका, शिकवणीत शिकवत असतील तरीही. ‘सुमनकडे १५ मणी आहेत. ते रेश्मापेक्षा ६ ने जास्त आहेत. रेश्माकडे किती?’ इथे ‘जास्त’ आहे आणि उत्तर ९ आहे. आधी दोन पट्ट्या काढायला लावा, एक लांब, एक आखूड. कोणाची लांब हे ठरलं की गणित सुटलंच.

पाव-अर्धा-पाऊण बाजारातच शिकवावं. साडेतीन, साडेचार असं म्हणतो, पण दीड आणि अडीच ही वेगळी नावं. पावणेतीन म्हणजे पाव कमी तीन; पोर हमखास तीन आणि पाऊण समजतं आणि घड्याळातल्या पावणेसातला ७:४५ सांगतं. वजनकाट्यावर पावणेदोन किलो कांदे एकदा त्यालाच तोलू द्या.

४. मापन: जिथे दहाचा नियम चालत नाही

पट्टीचं शून्य आणि पट्टीची कड या दोन वेगळ्या जागा आहेत. बरीच पोरं कडेपासून किंवा १ पासून मोजतात. परीक्षा सोपी आहे: पेन्सिल ३ च्या खुणेपासून १० च्या खुणेपर्यंत ठेवा आणि लांबी विचारा. १० म्हणाला, तर तो फक्त टोकाचा आकडा वाचतोय. ८ म्हणाला, तर रेघा मोजतोय, अंतर नाही. उत्तर ७.

कोल्हापूरकरांना मापनाचं आयतं उदाहरण दर पावसाळ्यात मिळतं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी फूट आणि इंचांत सांगतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. समजा काल ३८ फूट ९ इंच होती, आज ४१ फूट २ इंच. किती वाढली? सुटा केलेला फूट १० इंचांचा धरला तर २ फूट ३ इंच येतात. फुटाचे इंच १२, म्हणून २ फूट ५ इंच. हीच गडबड वेळेत: ९:५० ते ११:१५ म्हणजे १ तास २५ मिनिटं, पण पोर १११५ मधून ९५० काढून ‘१ तास ६५ मिनिटं’ सांगतं. वेळेची वजाबाकी उभी मांडूच नका. ९:५० पासून १० पर्यंत १० मिनिटं, पुढे ११ पर्यंत एक तास, मग १५ मिनिटं, अशा उड्या मारा.

५. भूमिती: हात न लावता येत नाही

पुस्तकात त्रिकोण नेहमी पायावर बसलेला असतो. त्यामुळे टोकावर उभा केलेला त्रिकोण बऱ्याच पोरांना त्रिकोण वाटत नाही, आणि तिरका चौरस ‘डायमंड’ होतो. पुठ्ठ्याचे आकार कापून हातात द्या आणि फिरवत विचारा: बाजू बदलल्या का? कोपरे बदलले का?

काटकोन मोजायला कोनमापक लागत नाही. कसाही फाटलेला कागद एकदा दुमडा, मग घडीची कड घडीवर येईल असा पुन्हा दुमडा. तयार झालेला कोपरा घरभर लावत फिरा: त्यात मावला तर लघुकोन, बाहेर गेला तर विशालकोन.

खोके उलगडा. टूथपेस्टच्या खोक्याची चिकटवलेली पट्टी सोडवून सपाट केलं की घडण दिसते: सहा पृष्ठं, बारा कडा, आठ शिरोबिंदू. मग घनाची घडण स्वतः काढायला सांगा. सहा चौरस एका ओळीत काढले तर घन होत नाही, हे सांगू नका. कापून, दुमडून त्याला कळू दे. घनाच्या वेगवेगळ्या घडणी ११ निघतात. चार-पाच सापडल्या तरी पुष्कळ. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ असते. घडणीवर ठिपके त्या हिशोबाने टाकायला लावलेत तर अर्धा तास सहज जातो.

परिमिती आणि क्षेत्रफळाचा घोळ चौथीपासून पुढे वर्षानुवर्षं चालतो, म्हणून इथे घाई नको. चौकड्यांच्या वहीत ४ × ३ चा आयत काढा आणि परिमिती विचारा. १० म्हणाला, तर त्याने कडेचे चौरस मोजलेत. रेघा मोजायच्या असतात: १४. आता २४ सेंमीच्या दोऱ्याला गाठ मारून (गाठीसाठी थोडा दोरा जास्त ठेवा) वेगवेगळे आयत करा. ११ आणि १, १० आणि २, असं करत ६ आणि ६ पर्यंत. परिमिती प्रत्येक वेळी २४, पण आतले चौरस ११, २०, २७, ३२, ३५, ३६. दोरा तोच आणि जागा वेगळी, हे एकदा हाताने करून पाहिलं की सूत्रं उलटसुलट होत नाहीत.

सममितीला ठिपक्यांची रांगोळी घ्या. अर्धी तुम्ही काढा, उरलेली त्याने. एक सापळा लक्षात ठेवा: आयताचा कर्ण सममितीचा अक्ष वाटतो, पण कागद कर्णावर दुमडला की कोपरे बाहेर येतात. आयताला अक्ष दोन, चौरसाला चार.

कर्कटकाचं वर्तुळ जुळत नसेल तर बहुधा स्क्रू सैल असतो किंवा पेन्सिल टोकापेक्षा वर-खाली असते. दोन्ही टोकं एका पातळीत आणा, स्क्रू घट्ट करा, वरची मूठ धरून फिरवा, आणि खाली जुनी वही ठेवा म्हणजे टोक सरकत नाही.

६. माहिती: आधी प्रश्न, मग आलेख

हा भाग शाळेत आणि घरीही उरकला जातो. आयते आलेख वाचायला देण्यापेक्षा एक लहान प्रश्न घ्या: ‘आपल्या रस्त्यावरून पंधरा मिनिटांत सगळ्यांत जास्त काय जातं?’ दुचाकी, रिक्षा, केएमटी (कोल्हापूर महापालिकेची) बस, सायकल असे रकाने आधीच आखा. टेम्पो आला तर कुठे लिहायचा? म्हणून ‘इतर’चा रकाना लागतोच, आणि तो का लागतो हे त्याला रस्त्यावरच कळतं.

ताळ्याच्या खुणा करताना चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. पाच उभ्या मारून सहावी आडवी मारणारी पोरं खूप. मग पाच-पाचने मोजल्यावर बेरीज कमी भरते.

चित्रालेखात प्रमाण आधी ठरवा. दुचाकी ६०, रिक्षा २०, बस ५ असतील तर एका चित्राला १० गाड्या हे प्रमाण बरं: बसला अर्धं चित्र. सगळी चित्रं एकाच मापाची हवीत. बसचं चित्र मोठं काढलं की बसच जास्त वाटतात. स्तंभालेखात स्तंभांची रुंदी सारखी, मधलं अंतर सारखं, सुरुवात शून्यापासून, आणि प्रमाण कोपऱ्यात लिहिलेलं.

पंचगंगेची दहा दिवसांची पातळी वहीत नोंदवली तर एका चौकडीला २ फूट धरा, नाहीतर स्तंभ पानाबाहेर जातील. ३९ आणि ४३ वर आडव्या रेघा मारा. घरी दुभतं जनावर असेल तर दूध संस्थेचं दहा दिवसांचं कार्ड म्हणजे तयार सारणीच: सकाळ किती, संध्याकाळ किती.

आलेख झाल्यावर प्रश्न तीन प्रकारचे विचारा. थेट वाचायचे (मंगळवारी किती?), तुलनेचे (सोमवारपेक्षा किती जास्त?), आणि आलेखात नसलेले (शनिवारी रिक्षा कमी का असतील?). पुस्तकी सरावात तिसरा प्रकार क्वचितच येतो.

७. आठवडा कसा लावायचा

रोज वीस ते पंचवीस मिनिटं. पहिली पाच तोंडी, मग तीन जुनी गणितं आणि चार नवी. आठवड्यातले चार दिवस संख्या, एक भूमिती, एक माहिती किंवा मापन. रविवारी सुट्टी, तेव्हा त्याला सोंगट्या किंवा पत्ते खेळू द्या आणि गुणांचा हिशोब त्यालाच ठेवू द्या.

शिष्यवृत्तीची तयारी चालू असलेल्या घरांत घाई जास्त असते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या पहिल्या पेपरला प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. वेळ लावून सराव त्याला हवाच, पण ज्या प्रकारात दहापैकी नऊ बरोबर येतात त्याच प्रकारासाठी घड्याळ लावा. न समजलेलं वेगाने सोडवलं तर चुकीचा नियमच पक्का होतो.

चुकलेल्या गणितांसाठी एक वेगळी वही ठेवा. त्यात तारीख, गणित, पोराने काढलेलं उत्तर जसंच्या तसं, आणि ‘कसं काढलं’ ते त्याच्या शब्दांत एका ओळीत. खोडायचं नाही. तीन आठवडे झाले तरी एकच प्रकारची चूक येत राहिली, तर ती वही घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. ‘गणित कच्चं आहे’ असं म्हणू नका. ‘मधलं शून्य आलं की दहाचे नऊ करायला विसरतो’ एवढं नेमकं सांगा, आणि वर्गात वजाबाकी कोणत्या पद्धतीने मांडतात ते विचारून घ्या. घरची आणि शाळेची मांडणी वेगळी असेल, तर शाळेची ठेवा.